एकोणीस टाचण्या

धंदा मी ठरवून काढला नाही. तो आईच्या पाठीवर उगवला.

आई म्हणजे माझी सासू. अख्खा जन्म एका शिंप्याच्या दुकानात काजं करण्यात गेला तिचा. गल्लीत तिला सगळे काजवालीच म्हणायचे. जिभेनं तिखट. माझ्या लग्नाला आठवडा झाला नव्हता तेव्हा मी उशीचा अभ्रा बेतत होते, तर मागून येऊन म्हणाली, "कात्री चालवतेस का उंदीर सोडलाय कापडावर?" मग शेजारी बसली आणि कात्री कशी धरायची ते दाखवलं. अपमान आधी, शिकवणी नंतर, हा तिचा क्रम. त्या क्रमानं मी बारा वर्षं शिकले.

मग एका सकाळी तिच्या मेंदूत रक्ताची गुठळी झाली. उजवं अंग गेलं, वाचा गेली. शेजारीण मला म्हणाली, बोलणं गेलं हे एक बरं झालं बाई तुला. असली माणसं औषधाचा डबा घेऊन समाचाराला येतात आणि जाताना विष ठेवून जातात.

उजव्या अंगाला काही कळत नव्हतं. गरम नाही, गार नाही, चिमटा नाही. पण कपडा घालताना तो मेलेला हात बाहीत कोंबावा लागायचा, तेव्हा खांद्यातून कळ यायची आणि ती डाव्या डोळ्यानं रडायची. म्हणून मी तिच्यासाठी एक झगा शिवला. बाजूनं पूर्ण उघडणारा. पाठीखाली एकही शिवण नाही, गाठ नाही, बटण नाही, बंद सगळे डाव्या बरगडीवर. अंथरुणावर पडलेल्या माणसाला न हलवता घालता यावा असा. लघवीची नळी बदलायला येणाऱ्या नर्सनं तो बघितला आणि तिच्या दुसऱ्या एका म्हाताऱ्यासाठी मागितला. त्या म्हाताऱ्याच्या सुनेनं आणखी दोन मागितले. अशी सुरुवात. दोन वर्षांत बाहेरच्या खोलीत तीन शिलाई मशीन झाली, कापडाचे काठ बांधणारं एक ओव्हरलॉक झालं, कापायचं टेबल आलं, आणि कामाला तीन बायका आल्या. खिडकीशी आईची लोखंडी खाट.

लोक म्हणायचे, म्हातारीला मशीनच्या घरघरीत टाकलंय. टाकलं नव्हतं. आतल्या खोलीत होती तेव्हा भिंतीकडे तोंड करून पडायची. बाहेर आणली, मशीनचा आवाज कानावर पडला, आणि तिनं मान वळवली. एवढंच. पण अडीच महिन्यांनी वळवली होती.

नवा नमुना मी आईच्याच अंगावर बेतायचे. दुकानात लाकडी बाहुला असतो, त्याला सगळं नीटच बसतं. आजारी माणूस बाहुल्यासारखा नसतो. तो एका अंगावर कलतो, त्याची कंबर खाली रुतते, पोट एका बाजूला ओघळतं. आई माझा बाहुला. तिच्या अंगावर झगा घालायचा, जास्तीचं कापड टाचण्यांनी दुमडायचं, खडूनं रेघ मारायची, टाचण्या काढायच्या, मग शिवायचं.

आणि टाचण्या मोजायच्या. हा नियम तिचाच. तिच्या दुकानात कुणा गिऱ्हाइकाला कोटात राहिलेली टाचणी टोचली होती म्हणे, तेव्हापासूनचा. बशीत वीस टाचण्या, लाल डोक्याच्या, ना एक कमी ना एक जास्त. लावताना मोजायच्या, काढताना मोजायच्या. ती म्हणायची, सुई हरवली तर घर झाडावं, टाचणी हरवली तर अंग चाचपावं. माझ्या बायकांना मी कामाला घेताना दुसरं काही विचारत नसे, हे वाक्य पाठ करून घेत असे. त्या हसायच्या. ओव्हरलॉकवाली म्हणायची, "शाळेत पाढे पाठ केले नाहीत ताई, आणि इथं टाचण्यांचे पाढे."

वाचा गेली तरी आईनं मोजणं सोडलं नाही. शिलाईचं अंगुस्तान असतं ना, बोटाला सुई लागू नये म्हणून घालतात ते पत्र्याचं टोपण, ते तिनं डाव्या हाताच्या मधल्या बोटात घालून घेतलं होतं. काढू द्यायची नाही. त्यानं ती खाटेच्या कठड्यावर ठोके द्यायची. एका टाचणीला एक ठोका. टक. लावताना वीस, काढताना वीस. वीस भरले की तळहात कठड्यावर आपटायची. म्हणजे झालं, चालू लाग. आणि कमी भरले तर जितक्या राहिल्या तितके ठोके. थांबून पुन्हा तितकेच. सापडेपर्यंत. एकदा तीन कमी होत्या. टक टक टक, थांबायची, टक टक टक. मी चादर झटकली, खाट सरकवली, ओव्हरलॉकवाली गुडघ्यांवर बसून फरशी चाचपत होती. तिन्ही माझ्याच कुर्त्याच्या काठाला निघाल्या. आईनं तळहात आपटला आणि तिच्या तोंडाचा जो अर्धा भाग हसू शकत होता तो हसला.

हे खोलीतल्या चारही बायकांना माहीत होतं. नवऱ्याला माहीत नव्हतं. अडीच वर्षं एका घरात राहून नव्हतं. तो कचेरीतून आला की दहा मिनिटं तिच्याजवळ बसायचा, विचारायचा, आई, बरं आहे ना? ती डोळे मिटून हो म्हणायची. तो उठायचा. मुलगा असल्याची रोजची हजेरी लागली. वाईट माणूस नाही तो. मला वाईट माणूस मिळाला असता तर ही गोष्ट लिहायला सोपी गेली असती.

त्या वर्षी कुठल्याशा मंडळानं आम्हा छोट्या उद्योगवाल्यांचा सत्कार केला. मला व्यासपीठावर विचारलं, घर, आजारी सासू आणि उद्योग, तुम्ही हे सगळं कसं सांभाळता? सभागृहात टाळ्या. माझ्या शेजारच्या खुर्चीत बिस्किटांच्या कारखान्याचा मालक बसला होता, त्याची आईही अंथरुणाला होती, चहा पिताना त्यानंच सांगितलं होतं. त्याला कुणी विचारलं नाही की बाबा रे, तुझ्या आईला कूस कोण बदलून देतं. त्याला विचारलं, पुढच्या पाच वर्षांत कुठं पोचायचंय.

मला कुठं पोचायचं होतं ते मी कुणी न विचारता सांगते. मोठ्या इस्पितळापर्यंत. तिथली मेट्रन, म्हणजे सगळ्या नर्सांची प्रमुख, माझा झगा बघून गेली होती. तीनशे झगे लागतील म्हणाली, पण आधी तो पडलेल्या माणसाच्या अंगावर बघेन, आणि मग तुम्ही माझ्याबरोबर येऊन मोठ्या साहेबांना दाखवायचं. एवढं काम मिळालं असतं तर मी शेजारचा गाळा घेणार होते आणि आईसाठी दिवसभराची एक बाई ठेवणार होते. कूस बदलायला. आईची पाठ वाचवायची म्हणून मला ते काम हवं होतं. हे आता मी म्हणते तेव्हा लोक खाली बघतात.

मेट्रन दुपारी तीनला येणार होती. नवऱ्याला रजा घ्यायला मी चार दिवस आधीपासून सांगत होते. "त्यात काय एवढं, माझीच आई आहे," असं तो म्हणाला, आणि घेतली रजा. मी आईचं दिवसभराचं वेळापत्रक कागदावर लिहून कपाटाला चिकटवलं. बाराला डाव्या कुशीवर. सूप, मान उंच करून. दोनला पाठीवर. चारला पुन्हा कूस. अक्षरं मोठी काढली, शाळेच्या फळ्यासारखी.

सकाळी दहाला मेट्रनचा फोन आला, मी अकरालाच येतेय, साहेब दुपारी नाहीत.

झगा आईच्या अंगावर टाचण्यांनी लावलेला होता, उजव्या कमरेची दुमड बाकी होती. मी भराभर खडू मारला आणि टाचण्या काढायला लागले. टक, टक, टक. आई मोजत होती. सतरापर्यंत मला आठवतं. तेवढ्यात ओव्हरलॉकवाली दारातून म्हणाली, "ताई, बाई आल्या, गाडी लावतायत." मी हाताला लागल्या त्या ओढल्या, बशी न मोजता फळीवर सरकवली, झगा काढून शिवायला फेकला आणि आईला तयार झगा घातला. मेट्रन आली. आईकडे बघितलं, झग्याचे बंद सोडले, बांधले, हाताखालून पाठ चाचपली. म्हणाली, "हे कुणी शिकवलं तुम्हाला?" मी आईकडे बोट दाखवलं.

आम्ही निघालो. दारात होते तेव्हा मागून आवाज आला. टक.

मी वळले, हात हलवला आणि म्हटलं, "आले हं आई, चारपर्यंत येतेच."

साहेबांना झगा आवडला. दोन रुग्णांना घालून दाखवला. एका म्हाताऱ्याच्या अंगावर चढवताना त्यानं डोळे घट्ट मिटले होते, दुखणार म्हणून. दुखलं नाही तसे हळूच उघडले. मला तिथं रडू आलं. परत येताना मी मेट्रनच्या गाडीत बसून मनातल्या मनात गाळ्याला रंग देत होते.

साडेचार वाजले घरी यायला. बायकांना मेट्रन आल्या आल्याच मी दिवसाची सुटी दिली होती, आईला शांतता मिळावी म्हणून. नवरा खुर्चीत, मोबाइल छातीवर. आई पाठीवर. सकाळी ठेवली होती तशीच्या तशी. कपाटावरचा कागदही तसाच्या तसा.

"कूस नाही बदललीत?"

"झोप लागली होती तिला. कशाला उठवायचं?"

कठड्याला लागून आईच्या डाव्या हाताखाली उशी ठेवलेली होती. मी बघितली आणि बरं वाटलं. म्हटलं, हात आपटत असेल म्हणून ठेवली, एवढं तरी सुचलं. मी त्याला चक्क म्हणाले, उशी ठेवलीत ते बरं केलंत. तो हं म्हणाला.

आईला झोप लागली नव्हती. ती माझ्याकडे बघत होती. मी तिला डाव्या कुशीवर वळवली. उजव्या कुल्ल्यावर, चादरीची सुरकुती जिथं रुतली होती तिथं, एक लाल ठिपका. मला आधी रक्त वाटलं. ते टाचणीचं डोकं होतं. डोकं तेवढं बाहेर, बाकी सगळी आत. साडेपाच तासांचं वजन वर.

मी ओढून काढली. तिला काही कळलं नाही, त्या अंगाला काही कळतच नव्हतं. तरी तिनं उशीवरून हात सोडवला, वर उचलला आणि तळहात कठड्यावर आपटला.

झालं.

पुढचं लांबवत नाही. जखम काळी पडली, ती टाचणीएवढी राहिली नाही, तळहाताएवढी झाली. साखर होतीच. ताप आला. इस्पितळात नेली, आणि तिथं तिला झगा घातला तो माझ्याच नमुन्यातला होता. डॉक्टर मला म्हणाला, नुसत्या टाचणीनं असं होत नाही, एकाच जागी इतके तास पडून राहिलं की... मग त्यानं माझ्या मागे उभ्या असलेल्या नवऱ्याकडे बघितलं आणि वाक्य गिळलं. अठराव्या दिवशी आई गेली.

धाकटी नणंद दर रविवारी फळं घेऊन येणारी. तिनं इस्पितळाच्या जिन्यात सगळ्यांसमोर म्हटलं, "धंद्यानं खाल्ली माझ्या आईला." टाचणी माझी होती.

आई गेल्यावर तिसऱ्या रविवारी दुपारी नणंद आली. नवरा, ती आणि मी, मधे चहाचे कप, कापायच्या टेबलावरच. खाट रिकामी. इस्पितळाचं पत्र आदल्या दिवशी आलं होतं, तीनशे झगे मंजूर. नवऱ्यानं ते हळू आवाजात वाचून दाखवलं, जसा कुणाच्या चुकांचा पाढा वाचतात. मग दोघांनी मिळून मला समजावलं. निदान वर्षभर तरी बंद ठेव. लोक बोलतात. मशीन विकू नकोस, झाकून ठेव. नणंद म्हणाली की नाहीतरी आता तू मोकळीच आहेस, तर दुपारी माझ्या धाकट्या लेकीला तुझ्याकडे सोडत जाईन, तुझंही मन रमेल.

मोकळी. एका बाईच्या अंगावरचं एक माणूस मरत नाही तोवर दुसरं तिच्या अंगावर द्यायला लोक दारात उभे.

माझ्या गप्प बसण्याचा अर्थ नवऱ्यानं राग असा लावला असावा. तो स्वतःची बाजू मांडायला लागला. म्हणाला, तुला वाटतं मी काही केलं नाही. पण त्या दिवशी ती किती त्रास देत होती तुला माहीत नाही. तू गेलीस तेव्हापासून ते कठड्यावर ठोकणं. थांबतच नव्हती.

मी कप खाली ठेवला. "कसं ठोकत होती?"

त्यानं कपावर नख मारून दाखवलं. टक. थांबला. टक. थांबला. टक.

"एकेकच?"

"एकेकच. तासच्या तास. शेवटी उशी ठेवली मधे. डोकं उठलं होतं गं माझं."

नणंदेचा हात कपाकडे जाता जाता थांबला. ती काजवालीची मुलगी. लहानपणी आईच्या मांडीशी बसून टाचण्या बशीत टाकलेल्या तिनं, एक, दोन, तीन, चुकली की पाठीत धपाटा. तिनं भावाकडे बघितलं, मग रिकाम्या कठड्याकडे, मग माझ्याकडे. तिच्या तोंडावरचा रंग उतरताना मी बघितला.

"दादा, तिला वळवून तरी बघायचं होतंस," ती म्हणाली. आवाज तिचा नव्हता.

"अगं, पण तिला काय हवं होतं ते मला कसं कळणार?" तो म्हणाला. खरंच विचारत होता.

मी सांगू शकत होते. एका वाक्याचं काम होतं. एक राहिली, एक राहिली, असं ती पाच तास तुला सांगत होती. अंगाला कळत नव्हतं, तरी हिशेबानं तिला कळलं होतं की आपल्या खाली टाचणी आहे, आणि तू तिच्या तोंडावर उशी ठेवलीस. तोंडच होतं ते तिचं, तो कठडा. हे वाक्य माझ्या जिभेवर आलं. तो माणूस उभा चिरला गेला असता. मला तो चिरलेला बघायचा होता, खोटं कशाला बोलू.

पण वाक्य तिथं संपत नव्हतं. पुढे लगेच माझी पाळी होती. दारात मलाही ऐकू आला होता तो ठोका. एकच. मी हात हलवला होता. ती मला निरोप देतेय असं समजले होते मी, अडीच वर्षांत तिनं कधी ठोक्यानं निरोप दिला नव्हता तरी. गाडी खाली उभी होती आणि मला तेच समजायचं होतं. त्याला तिची भाषा येत नव्हती हा त्याचा गुन्हा. मला येत होती हा माझा.

मी म्हटलं, "चहा गार झाला."

नणंदेनं कप विसळले. धाकटीला सोडण्याचं पुन्हा बोलली नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. निघताना चपला घालायला वाकली आणि वाकलेलीच राहून हळू म्हणाली, "मला कळलं असतं गं वहिनी. मी असते तर."

"पण तू नव्हतीस," मी म्हटलं.

ती जिना उतरली. मला तिची कीव आली आणि रागही आला, आणि दोन्ही खरे होते.

नवऱ्याला मी तेवढंच सांगितलं की मशीन बंद होणार नाही. तो म्हणाला, जशी तुझी मर्जी, आणि मोठ्या मनानं परवानगी दिल्यासारखा आत गेला. आईचं अंगुस्तान त्यानं आठवण म्हणून स्वतःच्या कपाटात ठेवलंय. घासूनपुसून. ते कशासाठी होतं हे तो अजून विचारत नाही.

सोमवारी बायका आल्या. ओव्हरलॉकवाली खाटेकडे न बघता आपल्या जागेवर जाऊन बसली. मी कागदाचा नमुना काढला, आईच्या अंगावर बेतलेला. उजवी बाजू दोन बोटं जास्त ठेवलेली, कारण ती उजवीकडे कलायची. इस्पितळाला मधलं माप म्हणून जे जाणार आहे ते तिची कंबर आहे. तीनशे अनोळखी माणसं तिच्या कुशीवर कलणार आहेत.

फळीवर बशी होती. त्या सकाळी न मोजता सरकवलेली. मी ती टेबलावर उलटी केली आणि मोजल्या. एकोणीस. कापसात गुंडाळून ठेवलेली विसावी मी इस्पितळात जायच्या आधीपासून ओढणीच्या गाठीत बाळगत होते. काय करायचं तिचं ते कळत नव्हतं. फेकवत नव्हती, मातीत पुरवत नव्हती. ओव्हरलॉकवालीनं पहिला झगा अंथरला आणि सवयीनं हात पुढे केला, "ताई, टाचण्या."

मी गाठ सोडली आणि ती बाकीच्यांत टाकली.

तिचंही डोकं लाल, बाकीच्यांचीही लाल. त्यांतली ती कुठली, हे मला त्या क्षणापासून ओळखता येत नाही. आता रोज सकाळी वीस मोजून घेते, संध्याकाळी वीस मोजून ठेवते, आणि दर टाचणीला वाटतं, हीच. मोजून झालं की माझा हात आपोआप कठड्याकडे जातो. तिथं कापडाचे तागे ठेवलेत. आवाज होत नाही.